सोलापूरहून धबधब्यापर्यंतची छोटी पायपीट: आधी पाणी, मग बेत

सोलापुरात धबधब्याचं नाव काढलं की बोलणं थेट लोणावळा, महाबळेश्वर, आंबोलीवर जातं. रात्रीच्या गाडीने निघायचं, दिवसभर गर्दीत भिजायचं आणि पुन्हा रात्रभर प्रवास करून जांभया देत कामावर हजर व्हायचं. मीही बरीच वर्षं तेच केलं. मग एका सप्टेंबरात अणदूरला मावशीकडे गेलो होतो. चहा टाकता टाकता ती म्हणाली, “आलाच आहेस तर नळदुर्गाला जाऊन ये. परवापासून पाणी सुटलंय.” तासाभरात मी किल्ल्यात उभा होतो. काळ्या दगडी भिंतीवरून पाण्याचे दोन पांढरे लोट कोसळत होते, चष्म्यावर तुषार बसत होते आणि माझं घर तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर होतं.

तेव्हापासून दरवर्षी एक तरी खेप ठरलेली असते. सकाळी निघून अंधार पडायच्या आत घरी यायचंय, बरोबर पोरंबाळं आहेत, डोंगर चढायची सवय नाही, अशांसाठी हे सगळं लिहितोय.

आपल्याकडच्या पाण्याचं घड्याळ वेगळं आहे

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका ती म्हणजे जुलै. सह्याद्रीत जुलैमध्ये डोंगर पाण्याने निथळत असतात, तेव्हा आपण पर्जन्यछायेत कोरडे बसलेले असतो. सोलापूर जिल्ह्याला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस मिळतो, महाबळेश्वरला त्याच्या दहापट. शिवाय आपला सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर आहे. पोळा होऊन गणपती येतात, दुपारी उकाडा वाढतो, संध्याकाळी बालाघाटावर ढग चढतात आणि तासाभरात ओढे भरतात. म्हणून आपल्या भागातले धबधबे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत बघायचे.

मी एकदा ऐन जुलैत, आषाढी एकादशी झाल्यावर, चार मित्रांना घेऊन गेलो होतो. काळा कातळ होता, त्यावर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, खाली डबक्यात म्हशी बसल्या होत्या. दिवस वाया गेला असं नाही म्हणणार, पण त्या दिवशी कळलं की आधी रविवार ठरवून मग पाणी शोधणं उलटं आहे. आधी पाण्याची खबर घ्यायची, मग रजा टाकायची.

दोन ठिकाणं, दोन तऱ्हा

सोलापूरहून अर्ध्या-पाऊण दिवसात होतील अशा दोन जागा मी सुचवतो. दोन्ही शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहेत.

पहिली नळदुर्ग किल्ल्यातला नर-मादी धबधबा. हैदराबाद रोडला बोरामणी, इटकळ, अणदूर मागे टाकलं की नळदुर्ग येतं. हा धबधबा निसर्गाने नाही, माणसाने घडवलेला आहे. किल्ल्याच्या अंगाने बोरी नदी वळसा घालून जाते. नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल काढला, तोच पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास हे काम झालं. बंधारा भरून वाहू लागला की दोन वाटांनी पाणी खाली पडतं, एक नर आणि एक मादी. पाणी अंगावरून जात असताना आतली दालनं मात्र कोरडी राहतात. आतल्या सज्जात उभं राहून समोरून पडणाऱ्या पाण्याचा पडदा बघणं हा अनुभव मी तरी दुसरीकडे घेतलेला नाही. चारशे वर्षांपूर्वी हा हिशेब कुणी, किती वेळा मांडून बघितला असेल, हा विचार तिथे गेल्यावर दर वेळी येतो.

दुसरी जागा येडशीजवळचं रामलिंग. सोलापूर-धुळे महामार्गाने तुळजापूर, धाराशिव करत येडशीला पोचायचं, अंतर सुमारे ८५ ते ९० किलोमीटर. बालाघाटाच्या एका खोल घळीत रामलिंगाचं मंदिर आहे, ओढा त्याला वळसा घालून जातो आणि मंदिराजवळच पावसाळ्यात धबधबा वाहतो. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाशी जटायू इथेच झुंजला, घायाळ जटायूला पाणी द्यायला रामाने बाण मारला आणि हा झरा फुटला, असं तिथले लोक सांगतात. सभोवताली येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. पानगळीचं जंगल, एप्रिलमध्ये काड्या दिसतात आणि सप्टेंबरमध्ये तेच ओळखू येत नाही. मोर हमखास ऐकू येतात.

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबाही सुंदर आहे, पण सोलापूरहून जाऊन येऊन सगळा दिवस गाडीतच जातो, म्हणून तो इथे घेत नाही.

दोन्हींतलं कोणतं निवडायचं? चालायची हौस असेल तर रामलिंग. घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील, गुडघे कुरकुरत असतील, मुलांना इतिहास दाखवायचा असेल तर नळदुर्ग. पहिल्यांदाच निघणाऱ्या कुटुंबाला मी नळदुर्ग सांगतो, कारण तिथे तिकीट आहे, कर्मचारी आहेत, बंदिस्त आवार आहे आणि चुकायला वाट नाही.

दिवस कसा ठरवायचा

सगळ्या बेतातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

नळदुर्गाचा धबधबा आज पाऊस पडला म्हणून आज सुरू होत नाही. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी नदीवर मोठं धरण आहे. ते भरतं, त्याच्या सांडव्यावरून पाणी सुटतं, मग ते पाणी किल्ल्यातल्या बंधाऱ्याशी येतं. म्हणजे तुम्हाला बघायची ती बातमी ‘बोरी धरण भरले’ ही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ती येते. आणखी एक खूण आहे. तेच बोरीचं पाणी पुढे अक्कलकोट तालुक्यातल्या कुरनूर धरणात जातं. कुरनूरमधला साठा भराभर वाढतोय असं वाचलंत, तर वर नळदुर्गाला काय चाललंय हे विचारायला फोन करा. एकदा पाणी सुटलं की पाऊस थांबल्यावरही काही दिवस ते चालू राहतं. त्यामुळे नळदुर्गाला जोराचा पाऊस ओसरल्यानंतरच्या कोरड्या दिवशी जाता येतं, आणि तसंच जावं.

रामलिंगाचं उलटं आहे. तिथे मागे धरण नाही, फक्त डोंगराचा उतार आहे. परवा-तेरवा बालाघाटावर चांगला पाऊस झाला असेल तर धबधबा जोरात, चार दिवस उघडीप पडली की बारीक धार. म्हणून तिथे जायचा दिवस फार आधीपासून ठरवता येत नाही. बुधवारी-गुरुवारी पाऊस झाला, शनिवारी सकाळी आभाळ मोकळं आहे, की निघायचं.

फोन कुणाला करायचा? त्या वाटेवर प्रत्येक सोलापूरकराचं कुणी ना कुणी असतंच, मावशी, साडू, कंपनीतला सहकारी. विचारताना “पाऊस आहे का?” असं विचारू नका, कारण उत्तर नेहमी “हाय की” असंच येतं. “काल धबधबा स्वतः बघितला का? पाणी गढूळ आहे का स्वच्छ?” असं विचारा. गढूळ म्हणजे वर अजून पाऊस चालू आहे, एक-दोन दिवस थांबा. निवळत आलंय म्हणजे उद्या चला.

हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा आदल्या संध्याकाळी बघायचाच. सोलापूर आणि धाराशिव, दोन्ही जिल्ह्यांचा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकला. पिवळा असेल आणि मेघगर्जनेचा उल्लेख असेल तर दुपारी एकच्या आत परत फिरायच्या तयारीने जा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला, माढा, करमाळा, मोहोळकडच्या गावांची जी दैना झाली, ती आपण सगळ्यांनी बघितली आहे. नद्या अशा फुगलेल्या असताना कुठल्याही पुलावर, बंधाऱ्यावर पाणी बघायला जाऊ नये. तेव्हा रस्ते मदतीला जाणाऱ्यांसाठी मोकळे राहू द्यावेत.

काही दिवस मुद्दाम टाळायचे. श्रावणी सोमवारी रामलिंगाला दर्शनाची मोठी गर्दी असते. नवरात्रात तुळजापूरचा रस्ता भाविकांनी भरलेला असतो. कोजागरीच्या सुमारास तर सोलापूरहून हजारो लोक पायी तुळजापूरला निघतात आणि त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवतात. तुम्हालाही चालायचंच असेल तर त्या रात्री सरळ आईच्या वाटेला लागा, धबधबा नंतर बघता येईल. येडशीचा बेत त्या दोन-तीन दिवसांत ठेवू नका, एवढंच.

माणसं आणि वेळेचं गणित

चार ते आठ माणसं बरी. त्याहून जास्त झाली की निघायलाच दहा वाजतात. सगळ्यात हळू चालणारा कोण आहे ते आधी ओळखा आणि वेळ त्याच्या हिशेबाने धरा. सपाट वाटेवर मोठी माणसं तासाला चार किलोमीटर सहज चालतात. मुलं बरोबर असतील, पायऱ्या आणि दगड असतील, तर अडीच धरा. पायऱ्या उतरून गेलात तर येताना त्या चढायच्या आहेत, तेव्हा जाताना वीस मिनिटं लागली तर येताना पस्तीस ठेवा.

एक नियम आम्ही पाळतो: परतायची वेळ घरून निघतानाच ठरते. धबधब्याजवळ ठरवायची नाही. तिथे प्रत्येकाला “अजून दहा मिनिटं” हवी असतात.

ज्यांना चालायची सवय नाही त्यांनी आधीचे दोन आठवडे सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या किंवा कंबर तलावाच्या बाजूला चाळीस मिनिटं चालावं, आणि ज्या बुटांनी जाणार तेच घालून. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घातले की दुपारपर्यंत टाचेला फोड येतो, मग पुढचं सगळं बघणं त्या फोडापुरतंच उरतं.

पिशवीत काय

बूट किंवा पट्ट्यांचे सँडल, खालून खोल नक्षी असलेले. घासून गुळगुळीत झालेला तळ ओल्या बसाल्टवर साबणासारखा सरकतो. साध्या चपला नकोतच.

पाणी माणशी दोन लिटर. सप्टेंबरातलं ऊन फसवं असतं, आभाळ असलं तरी घाम निघतो. धबधब्याचं पाणी प्यायचं नाही, ते वर कुठून आलंय आपल्याला माहीत नसतं. जलसंजीवनीची दोन पाकिटं ठेवा.

खाण्यात आपल्यासारखं सुख कुणाला नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, गुळाचा खडा. कडक भाकरी ओलाव्यापासून जपायची, एरवी तिला काही होत नाही. भिजवून खायला थोडं ताक बाटलीत घ्या. शेंगापोळी न्यायची तर मुलांच्या हाती उघडी देऊ नका, रामलिंगाला माकडं आहेत आणि ती फार सराईत आहेत. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की झाडावरून खाली येतात. डबा पाठीवरच्या पिशवीत, चेन बंद, आणि खायचं ते परत गाडीजवळ आल्यावर किंवा आडोशाला बसून. माकडाने पिशवी धरलीच तर ओढाताण करू नका, सोडून द्या.

बसायला सोलापुरी चादर न्यावीशी वाटते, पण ती भिजली की पाच पट जड होते. गाडीत ठेवा, खाली अंथरायला मेणकापड घ्या. याशिवाय एक जोडी कोरडे कपडे प्रत्येकाचे, टॉवेल, मोबाइलसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, बँडेज आणि क्रेप पट्टी, रोजची औषधं, शिट्टी, लहान बॅटरी. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, आणि ती येताना भरलेली असते, कारण मागच्यांनी टाकलेलंही थोडं उचललं जातं.

नळदुर्गाचा दिवस

स्वतःची गाडी असेल तर साडेसहाला निघा. एसटीने जायचं तर सोलापूर स्टँडवरून हैदराबाद, उमरगा बाजूच्या गाड्या नळदुर्गावरून जातात. तासाभरात पोचाल. गावात चहा-नाश्ता उरकून किल्ला उघडतो त्या वेळेला दारात हजर राहा, पहिला तास सगळ्यात शांत असतो.

बरेच लोक आत शिरले की धावत पाणी महालाकडे जातात आणि फोटो काढून परत येतात. तसं करू नका. आधी उपळ्या बुरुजावर चढा. हा किल्ल्यातला सगळ्यात उंच बुरूज. वरून बोरीचा वळसा, समोरचा रणमंडळ आणि मधला बंधारा असं सगळं एका नजरेत येतं, आणि इथे पाणी अडवायची कल्पना का सुचली ते कुणी न सांगता समजतं. मुलांना तिथेच दाखवा: नदी इकडून आली, इथे अडली, इथून सांडतेय. मग तटाच्या कडेने चालत बुरूज मोजत खाली या. या किल्ल्याला ११४ बुरूज आहेत असं सांगतात, आमच्या मुलीने तिसापर्यंत मोजले आणि मग पाण्याचा आवाज यायला लागला.

तो आवाज आधी येतो हे लक्षात ठेवा. वळणावळणाने तो वाढत जातो, भिंतीला हात लावला तर बारीक थरथर जाणवते. बंधाऱ्याशी आल्यावर ऊन वर चढलेलं असेल तर तुषारांत इंद्रधनुष्याचा तुकडा दिसतो. पाणी महालात उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि ओल्या आहेत. भिंतीच्या बाजूने, एकामागे एक, हात मोकळे ठेवून उतरा. पाण्याचा जोर किती आहे ते बघून आत सोडायचं की नाही हे तिथले लोक ठरवतात. त्यांनी नाही म्हटलं तर नाही, हुज्जत घालू नये. बंधाऱ्याच्या कठड्यावर चढून फोटो काढणारी मंडळी दर वर्षी दिसतात. आपल्या मुलांचा हात घट्ट धरा आणि कठड्यापासून चार हात लांब उभे राहा.

तीन-साडेतीन तासांत सगळं सावकाश होतं. परतताना अणदूरला खंडोबाचं दर्शन घ्यायचं असेल तर आधी विचारून घ्या, कारण हा देव वर्षातला काही काळ नळदुर्गाला आणि बाकीचा अणदूरला असतो.

रामलिंगाचा दिवस

इथे लवकर निघायला हवं, सहालाच. एसटीने जाणाऱ्यांनी बीड, छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी, येडशीला थांबणारी गाडी बघावी, नाहीतर धाराशिवला बदलावी. रेल्वेची आवड असेल तर कुर्डुवाडीला बदलून लातूर मार्गावर येडशी स्टेशन आहे. हा मार्ग म्हणजे पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, १८९७ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी. आता रुंद रूळ आहेत. गाड्यांच्या वेळा मात्र दिवसाच्या बेताला जुळतीलच असं नाही, तेव्हा आधी तपासा.

गाडी असली तरी शक्य असेल तर ती येडशीत लावून पुढचं चाला. पाऊण-एक तासाची सोपी वाट आहे, आणि खरी पायपीट तीच. रस्ता जंगलात शिरला की हवा बदलते, ओल्या मातीचा आणि पाल्याचा वास येतो. मग मंदिराकडे उतरणाऱ्या पायऱ्या लागतात. घळीत उतरताना दोन्ही बाजूंचा कातळ बघा, एकावर एक बसलेले आडवे थर दिसतील. हे दख्खनच्या लाव्हाचे थर. टणक थर टिकतो, त्याखालचा मऊ थर झिजतो आणि पाण्याला पडायला पायरी मिळते. आपल्या भागातले बहुतेक धबधबे असेच तयार झालेत.

दर्शन घेऊन मग धबधब्याकडे जा. पाणी कमी असेल तर ओढ्यातल्या दगडांवरून जवळ जाता येतं. दगड निवडताना रंग बघा: करडा आणि खरखरीत असेल तर पाय ठेवा, काळसर हिरवा चकचकीत असेल तर ते शेवाळ आहे, त्यावर नको. पाऊल टाकण्याआधी टाचेने दाबून दगड हलतोय का ते पाहा. काठी असली तर फार मदत होते.

हे अभयारण्य आहे, त्यामुळे मळलेली वाट सोडून जंगलात शिरायचं नाही, स्पीकर लावायचा नाही, चूल पेटवायची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच जंगलात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरातून शेकडो किलोमीटर चालत आलेला. पुढे कित्येक दिवस तो येडशी-बार्शी पट्ट्यात फिरत होता. घाबरून जाणं सोडावं असं मी म्हणणार नाही, उलट आपल्या उघड्या माळरानाशेजारच्या एवढ्याशा जंगलाने वाघाला आसरा दिला याचं मला फार अप्रूप वाटतं. पण उजाडल्यावर शिरायचं, चारच्या आत बाहेर पडायचं, एकट्याने भटकायचं नाही आणि निघण्याआधी वनखात्याची काही सूचना आहे का ते बघायचं. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

पाण्याच्या काठावर

सगळ्यांत जास्त अपघात इथे होतात, आणि तेही पोहता येणाऱ्यांचे. धबधब्याखालच्या डोहाची खोली वरून कळत नाही. पडणारं पाणी खाली भोवरा करतं, माणसाला तळाशी ओढतं, आणि त्या फेसाळ पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग तरंगत नाही. डोहात उडी मारायची नाही, धारेखाली डोकं धरायचं नाही, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. पाय बुडवून बसायचं असेल तर धारेपासून लांब, जिथे तळ दिसतो अशा पाण्यात, गुडघ्याच्या वर नाही. धबधब्याच्या माथ्यावर तर कधीच जाऊ नका.

पाणी अचानक वाढायची चिन्हं सगळ्यांना निघण्याआधी सांगून ठेवा. निवळ पाणी एकाएकी तांबूस होणं, काटक्या-पाला वाहून येणं, आवाज घुमायला लागणं, मघाशी कोरडा असलेला दगड भिजणं. यातलं एक जरी दिसलं तर चपला, डबे, मोबाइल काही गोळा न करता उंच बाजूला सरकायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाच किलोमीटरवर ढग फुटलेला असू शकतो. ओढा ओलांडून पलीकडे गेला असाल आणि पाणी वाढलं, तर पलीकडेच उंचावर थांबा, ते उतरायला काही तास लागतात. दोर धरून, एकमेकांचे हात धरून ओलांडायच्या फंदात पडू नका.

आणि वीज. मराठवाड्यात सप्टेंबरच्या दुपारी विजा फार पडतात, गुराखी आणि शेतकरी दर वर्षी बळी जातात. वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच उघड्यावरून, बुरुजावरून, एकट्या झाडाखालून निघा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. शेवटचा गडगडाट झाल्यावर तीस मिनिटं बाहेर पडू नका. ‘दामिनी’ हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर ठेवा, आसपास वीज पडायची शक्यता असली तर ते सांगतं. नळदुर्गाच्या उंच बुरुजावर असताना ढग दाटले, तर कितीही सुंदर दिसत असलं तरी आधी खाली उतरा.

काही बिनसलंच तर

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, त्याने आधार राहतो. सावकाश, दोघांच्या खांद्यावर, गाडीपर्यंत. साप चावला तर, आणि आपल्याकडे घोणस, फुरसं, नाग, मण्यार चारही आहेत, जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे मिळतं. वेळ मांत्रिकाकडे घालवू नका. बाकी कुठल्याही संकटात ११२. खोल घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी घरच्या एकाला लिहून पाठवा: कुठे चाललोय, किती जण, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर काय करायचं.

परतल्यावर

गाडीत बसण्याआधी कोरडे कपडे घाला, मुलांना तर आधी. घरी आल्यावर अंग बघा, गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बूट उन्हात नको, वाऱ्याला, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा.

आणि एक वही करा. माझ्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे, तिच्यात दर खेपेला चार ओळी लिहितो: तारीख, आधीचा पाऊस कधी पडला, पाणी कसं होतं, किती वाजता पोचलो. आता ऑगस्ट संपत आला की मी आधी ती वही उघडतो आणि मग मावशीला फोन लावतो. गेल्या खेपेची नोंद अशी आहे: ‘गुरुवारी रात्री मोठा पाऊस. शनिवारी रामलिंग, पावणेनऊ. पाणी निवळलेलं, धार रुंद. अकराला ढग आले, साडेअकराला वर चढलो. धपाटे कमी पडले.’